हात बसला

शरयू वानखडेला गिटार शिकायची हौस बिलकुल नव्हती. संगीताशी तिचा संबंध शाळेतल्या प्रार्थनेपुरता, आणि तिथेही बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. अमरावतीच्या राहत्या घरी बसून ती नववी-दहावीच्या मुलांना पडद्यावरून गणित शिकवायची आणि त्यात तिचं बरं चाललं होतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ती या नादाला लागली ती धाकट्या भावापायी.

चिंतामण अकरा वर्षांचा असताना दर्यापूरला त्याला मेंदूज्वर झाला. तापातून उठला तेव्हा डोळेही गेले होते आणि कानही. आता तो छत्तीस वर्षांचा. आवाज बाप्या माणसासारखा जाड झाला, पण बोली अकराव्या वर्षीच थांबली, कारण त्यानंतर त्याने कुणाचं बोलणं ऐकलंच नाही. शरयूची बोली शहरात येऊन घासून-पुसून गुळगुळीत झाली. चिंतूची मात्र अजून तीच वऱ्हाडी. तो तोंडाने बोलायचा आणि शरयू त्याच्या तळहातावर बोटाने लिहायची.

लिहिण्याची रीत दोघांनी मिळून बसवलेली होती. अक्षरांना शिरोरेघ द्यायची नाही, उगाच वेळ जातो. वाक्य संपलं की तळहातावर आडवी एक लांब रेघ ओढायची, सगळ्या अक्षरांची मिळून एकच. रेघ आली की बोलायची पाळी चिंतूची. शरयू चिडलेली असली की रेघ खोल यायची, थट्टेत असली की नखाने यायची. पंचवीस वर्षांत ते बोट त्याला इतकं पाठ झालं होतं की दोन अक्षरं लिहिली की तो विचारायचा, "तुले सर्दी झाली काय व?" आणि झालेली असायची. आई-वडील गेल्यावर चिंतूचं सगळं जग त्या एका बोटातून यायचं. शरयूला कधी कधी त्याचा कंटाळा यायचा आणि कंटाळा आला म्हणून स्वतःची लाजही वाटायची.

एकदा शेजारच्या घरी बारसं होतं. तिथे कुणीतरी गिटार वाजवत होतं आणि चिंतूचा हात चुकून तिच्या लाकडावर पडला. तो दचकला, मग दोन्ही हात ठेवले, मग हनुवटीच टेकवली. "ताई," तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "पेटीच्या आत कोनी चालून राह्यलं!" आणि जो हसत सुटला तो थांबेचना. इतकं हसताना शरयूने त्याला पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात एक जुनी गिटार घरात आली.

पण चिंतूची हौस आणि तिचा हात यांचं जमेल तर ना! तारा दाबून काढायच्या स्वरमेळांपैकी, म्हणजे कॉर्डांपैकी, सी जमला, जी जमला, आणि एफपाशी घोडं अडलं. एफ म्हणजे एकट्या तर्जनीने सहाही तारा आडव्या दाबून धरायच्या आणि उरलेल्या बोटांनी पुढचं काम करायचं. शरयूची तर्जनी दाबायची चार तारा. उरलेल्या दोन बेडकासारख्या डराव-डराव करायच्या. बोटांच्या टोकांना फोड आले, फोडांचे घट्टे झाले. चिंतू लाकडाला हनुवटी टेकवून निमूट बसायचा आणि शेवटी म्हणायचा, "चालनारा लंगडून राह्यला, ताई."

तेव्हा तिला ‘सहा तारा मंडळ’ सापडलं.

मंडळ म्हणजे गिटार शिकणाऱ्या आठेक हजार मराठी माणसांचा ऑनलाइन गोतावळा. मंडळाची एकच खूण होती, ती म्हणजे प्रत्येकाच्या हातातली बाही.

बाही मुळात निघाली अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी. आपण हात हलवायचं मनात आणलं की मेंदूचा निरोप स्नायूंत पोचतो, तेव्हा कातडीवर अगदी बारीक वीज उमटते. कोपरापासून मनगटापर्यंत चढवायच्या या बाहीत आतून चौसष्ट टिकल्या असत. त्या ती वीज टिपायच्या. हे झालं घेणं. देणंही तितकंच सोपं: टिपलेली वीज दुसऱ्याच्या बाहीतून त्याच्या स्नायूंना हळूच दिली, की त्याची बोटं पहिल्याच्या बोटांसारखी वळायची. पण नुसतं वळवून हात शिकत नाही, नाहीतर कठपुतळ्या केव्हाच उस्ताद झाल्या असत्या. खरी मेख वेळेत होती. शिकणाऱ्याच्या मनात ‘आता एफ’ आलं की बाही तो क्षण हेरायची आणि त्याच क्षणी बाहेरची हालचाल आत सोडायची. आतली इच्छा आणि बाहेरची हालचाल यांत पन्नास मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर नसेल तर मेंदू चौकशी करत बसत नाही. हे मीच केलं असं धरून चालतो आणि तशी नोंद पक्की करतो. दहा हजार वेळा केल्यावर जे बसायचं ते तीनशे वेळांत बसायचं.

मंडळाने या सगळ्याला आपली घरगुती नावं दिली होती. अडलेला माणूस लिहायचा, ‘एफसाठी हात द्या.’ कुणीतरी आपल्या बाहीने टिपलेला हात पाठवायचं. आणि जमलं की शंभर जण एकदम लिहायचे, ‘हात बसला!’

शरयूला पहिला हात दिला विश्राम तोरसकरांनी. मालवणचे निवृत्त पोस्टमास्तर, डोक्यावर औषधाला केस नाही, आणि स्वभाव असा की पडद्यातूनही सोलकढी पाजतील.

"घाबरतंस कशाला गो?" ते म्हणाले. "मलाही एफ येत नव्हता. नाशिकच्या एका बाईंनी हात दिला. त्यांना कुणी सोलापूरच्याने दिला होता. घे आणि पुढे दे, बास."

शरयूने डाव्या हातात बाही चढवली, डोळे मिटले आणि मनात म्हटलं, एफ. मुंग्या आल्यासारखं झालं, तर्जनी आपणहून आडवी झाली आणि सहाच्या सहा तारा स्वच्छ वाजल्या. तिला रडूच आलं. आठव्या दिवशी बाहीशिवाय एफ लागला, तेव्हा चिंतूने हनुवटी न उचलता म्हटलं, "आता तो नीट चालते."

मंडळावर एकशे चाळीस जणांनी लिहिलं, ‘हात बसला!’ शरयूने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शाबासकी दिली होती. तिला ती अशी ढिगाने कुणीच दिली नव्हती. ती सकाळी उठून आधी मंडळ उघडायला लागली.

उजव्या बाहीचा विषय चार महिन्यांनी निघाला. नुसत्या झंकाराने चिंतूचं आता भागत नव्हतं. त्याला एकेक तार वेगळी हवी होती, बोटांनी छेडलेली. "लय जन चालू दे पेटीत," तो म्हणायचा. छेडणं उजव्या हाताचं काम. पण उजवी तर्जनी म्हणजे लिहिणारं बोट. शरयू दोन दिवस घुटमळली. तिने मंडळावर विचारलं, याने अक्षर वगैरे बदलतं का हो? उत्तरं आली ती सगळी हसरी. कुणी म्हणालं, माझं सुधारलं. कुणी म्हणालं, छान चाललंय तुमचं, आता थांबू नका. विश्रामकाका म्हणाले, "अगो, हात घेतल्याने कुणाचा हात जातो का?"

थांबायला हवं होतं, हे तिला तेव्हाही आतून कळत होतं. पण चिंतूचं ते हसणं डोळ्यांपुढे होतं, आणि खरं सांगायचं तर ते एकशे चाळीस जणही होते. तिने उजवी बाही चढवली.

महिन्याभरात गिटार अशी वाजायला लागली की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहायचे. चिंतू लाकडाला गाल लावून तासन्‌तास बसायचा. गणिताच्या पोरांनीही पडद्यावर कौतुक केलं, "मॅडम, तुमचं अक्षर काय सुंदर झालं!" शरयू खूश झाली. मग तिने फळ्याकडे नीट पाहिलं. ती आधी लांब शिरोरेघ ओढत होती आणि मग अक्षरं एकेक करून तिला टांगत होती. जन्मात तिने असं लिहिलं नव्हतं.

दुपारी जेवायला बोलवायला तिने चिंतूच्या हातावर लिहिलं. बोटाने आधी आडवी रेघ ओढली. रेघ म्हणजे वाक्य संपलं; चिंतू गोंधळून थांबला. मग खाली अक्षरं आली, हलकी, सारख्या अंतराची, ‘जेवायला चल’. चिंतूने हात मागे घेतला आणि मांडीखाली दडवला.

"ताई कुठी हाय?" त्याने विचारलं.

तिने त्याचा हात ओढून पुन्हा लिहिलं, ‘मीच ताई.’ चिंतूने तिच्या बांगड्या चाचपल्या, वेणी चाचपली, मनगटाचा वास घेतला.

"बांगड्या ताईच्या. वास बी तिचाच," तो सावकाश म्हणाला. "बोलनारं मानूस दुसरं हाय." आणि मग त्याने मान खाली घालून, दारात आलेल्या पाव्हण्याला विचारावं तसं विचारलं, "तुमी कोन व्हय?"

तुमी! जिला त्याने जन्मात ‘तू’शिवाय काही म्हटलं नव्हतं, तिला.

त्या रविवारी सकाळी मंडळाची बैठक होती. पडद्यावर बत्तीस चौकोन, बत्तीस माणसं, सगळी एकच चाल एकदम वाजवणार. शरयूने ठरवलं होतं की चाल संपली की विचारायचंच. चाल उत्तम झाली. शेवटचा स्वर विरला, आणि बत्तीसही जणांनी उजवा हात उचलून कपाळावर आलेली बट कानामागे सारली.

कुणाच्याही कपाळावर बट आलेली नव्हती. शरयूची वेणी घट्ट होती. आणि विश्रामकाकांच्या, त्या गुळगुळीत डोक्याच्या माणसाच्या, दोन बोटांनी हवेतलं काहीतरी अलगद धरून कानामागे ठेवलं होतं. नंतर सगळे हसून एकमेकांना ‘छान, छान’ म्हणू लागले. कुणाला काही दिसलंच नव्हतं. शरयूने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो अजून कानापाशीच होता.

तिने बाही बनवणाऱ्यांपैकी डॉक्टर ओजस पिंगळ्यांना गाठलं. माणूस सरळ होता; त्याने लपवालपवी केली नाही.

"तो हात कोणाचा आहे?" शरयूने विचारलं. "केस मागे सारणारी ती बाई कोण?"

"आम्ही आठ हजार जणांत शोधलं. अशी बाई नाहीये."

"म्हणजे?"

"ताई, मंडळात हात देणाऱ्या प्रत्येकाने तो आधी कोणाकडून तरी घेतलाय. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. एखादी अफवा शंभर तोंडांतून गेली की ती कोणाचीच राहत नाही, तसं. प्रत्येक फेरीत थोडं गळतं, थोडं चिकटतं. कोणतं चिकटतं? जे वाजवायला चांगलं ते नाही. जे दुसऱ्याच्या हातात सहज बसतं ते. आठ हजार हातांतून चाळून चाळून जे उरलंय, त्याला स्वतःच्या सवयी आहेत. ती बट ही त्यातली एक."

"पण मी बाही काढून ठेवली तरी?"

"हात आता बाहीत नाही, तुमच्या मेंदूत आहे. आणि मेंदू म्हणतो, हे माझंच आहे." त्यांनी चष्मा काढला. "अजून एक. तो बसतो कसा हे पाहिलंय आम्ही. जिथे त्याला विरोध होतो तिथे तो बदलतो, आणि स्वीकारला जाईल असा होतो. हेतू वगैरे नाही त्याला. पाणी उताराला लागावं इतकंच."

"मग उपाय?"

"स्वतःच्या जुन्या हालचालींची नोंद आहे का तुमच्याकडे? व्हिडिओ नाही चालणार. दाब, वेग, वळण असलेली नोंद. ती असती तर पुन्हा गिरवता आली असती."

अशी नोंद कोण ठेवतं? शरयूने दोन्ही बाह्या कपाटात कोंबल्या, मंडळ सोडलं, गिटारच्या तारा उतरवून ठेवल्या. मंडळावर हळहळणारे तीनशे निरोप आले. विश्रामकाकांनी लिहिलं होतं, ‘परत ये गो, आम्ही आहोत ना.’ तिने ते वाचलं नाही.

घरात मात्र स्मशानशांतता पसरली. चिंतू खोलीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायचा. जेवण अर्ध्यावर सोडायचा. हातावर लिहायला गेलं की मूठ वळायचा, आणि फार आग्रह केला की उघडायचा, पण परक्यापुढे उघडावी तशी. तिने डाव्या हाताने लिहून पाहिलं. तोही त्याच वळणाचा झाला होता. पायाच्या अंगठ्याने लिहून पाहिलं. चिंतूला गुदगुल्या झाल्या आणि अक्षर एकही कळलं नाही. रोज संध्याकाळी तो एकदाच विचारायचा, "ताई कदी येनार?" आणि ती त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेली असायची. असे महिना-दोन महिने गेले. शरयूची शिकवण्यांवरून वासनाच उडाली.

मग एका सकाळी, भाजी निवडताना, तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नोंद होती की! चिंतूच्या तळहातात होती. पंचवीस वर्षं तिचं बोट ज्याच्यावर फिरलं, त्याला तिचा प्रत्येक दाब पाठ होता.

हे त्याला समजावायला अर्धा दिवस गेला. शेवटी परक्या बोटाने, परक्या वळणात, तिने लिहिलं, ‘ताईचं बोट हरवलंय. तू शिकव.’ चिंतूने तिची तर्जनी आपल्या मुठीत पेनासारखी धरली, आपलाच डावा तळहात पाटीसारखा मांडीवर ठेवला आणि पहिलीतल्या मास्तरांच्या सुरात म्हणाला, "गिरव. ग."

गमभन, गमभन. रोज सकाळी दोन तास. भाऊ तिचं बोट धरून तिचंच अक्षर तिच्याकडून गिरवून घेत होता. "दाब अजून. ताई दाबते तिथी." "आदी रेघ नाई, हज्यार डाव सांगितलं." चुकलं की चापट मारायचा. मास्तरकी अंगी येताच चिंतूची भूक परत आली. शरयूला हसू येई आणि डोळेही भरून येत. आपण या माणसाला कंटाळत होतो, याची तिला फार शरम वाटली.

दुसऱ्या आठवड्यात अक्षर वळायला लागलं. त-ची पाठ पुन्हा वाकडी झाली, म-ची गाठ सैल झाली. आनंद व्हायला हवा होता, पण शरयूला एक गोष्ट खटकत होती. चिंतू वळण द्यायच्या किंचित आधी बोट तिकडे झुकायचं. नुसत्या त्याच्याच नव्हे, तिच्याही आधी. ‘भ’ गिरवायचा असं तिच्या मनात येईतो भ अर्धा झालेला असायचा. एकोणिसाव्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की चिंतूला हे स्पष्ट सांगून टाकायचं. फसवायचं नाही.

त्या दिवशी चिंतूने तिचं बोट सोडलं. "आता तुही तू लिही," तो म्हणाला आणि तळहात पुढे केला.

शरयूने मनात वाक्य जुळवलं, ‘चिंतू, हे मी लिहीत नाहीये.’ बोट टेकवलं. बोट चाललं. दाब तिचा, वेग तिचा, त-ची वाकडी पाठ तिची. तिने खाली पाहून वाचलं तेव्हा कुठे तिला कळलं की काय लिहिलं गेलं.

‘ताई आली रे चिंत्या. मीच आहे.’

आणि खाली, नखाने, थट्टेची लांब रेघ. चिंत्या हे नाव तिने कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. ते फक्त त्या तळहातावरच लिहिलं जायचं, तेही लाडात आली की.

चिंतूचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्याने तो हात दोन्ही हातांनी ओढून गालाशी धरला आणि ढसाढसा रडायला लागला. "कुठी गेली होती व तू?" तो म्हणत होता. "कुठी गेली होती व? मले वाटलं, मेली."

"मी नाही!" शरयू मोठ्याने ओरडली. "चिंतू, अरे, ते मी नाही लिहिलं!" आवाज भिंतींवर आदळला. खोलीत ऐकणारं ती एकटीच होती.

हात ओढून घेता आला असता. कोपराने, पायाने, कसंही करून त्याला सांगता आलं असतं. चार दिवसांनी, महिन्याने, कधीतरी त्याला समजलंही असतं. आणि मग तो परत त्या कोपऱ्यात जाऊन बसला असता, मूठ मिटून. चिंतूने डोळे पुसले, नाक ओढलं. दोन महिन्यांनी त्याचा चेहरा त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यासारखा दिसत होता. त्याने तळहात पसरून पुन्हा तिच्या बोटाखाली धरला.

"भूक लागली, ताई," तो म्हणाला. "आज जेवाले काय करतं?"

बोट लिहायला लागलं. शरयूने हात काढून घेतला नाही. उत्तर काय येतं ते वाचायला ती भावाच्या तळहाताकडे बघत राहिली.